आज भट्टीतून मखमल निघाली

तीन फेऱ्या वाया गेल्यावर आज सिलिकॉनच्या तुकड्यावर एकदाची काळी मखमल उगवली! कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं जंगलच. ७५० अंशांची भट्टी, इथिलीन वायू आणि लोखंडाचा जेमतेम नॅनोमीटरभर थर. तापला की त्याचे बारीक कण होतात आणि कणाकणावर नळी वाढते. आधी लोखंडाखालचा अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा) थरच नीट बसला नव्हता. लोखंड सिलिकॉनमध्ये मुरलं, हाती नुसता धुरकट डाग. १९९१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमांना या नळ्या ग्रॅफाइटच्या कांड्यांमधल्या इलेक्ट्रिक आर्कमुळे दिसल्या होत्या. त्या पद्धतीत सोबत काजळी फार. मी चिमट्याने कड जराशी खरवडली, तर पापुद्राच सुटला. हात थरथरले माझे! आता तुकडा डबीत बंद आहे आणि मी पुन्हा उघडून बघायचा मोह आवरतेय.