अर्ध्या जिन्यापर्यंत

गेले काही दिवस दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या जिन्यात पावले वाजतात. ती एक मजला चढतात, वळणावर थांबतात, पाच-सात मिनिटे तिथेच घुटमळतात आणि आल्या वाटेने उतरून जातात. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात या वेळेला कोणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, त्यामुळे लष्कर भागातल्या आमच्या या जुन्या इमारतीत कूलरची घरघर सोडली तर ऐकण्यासारखे दुसरे काही नसते. वरच्या मजल्यावर आमचेच एक बिऱ्हाड आहे. तेव्हा ही पावले माझ्याकडे येऊ पाहणाऱ्या, पण दार वाजवण्याचा धीर न होणाऱ्या कोणाची तरी असणार, असे मी ठरवून टाकले. चार-दोन दिवाळी अंकांत मैफलींविषयी लिहिलेल्या माणसाला असे वाटणे हा दोष असेल, पण या वयात तो बरा होण्यातला नाही. शिवाय ती चाल माझ्या ओळखीची होती. अशा अर्ध्या जिन्यांतून मी स्वतः इतक्या वेळा परतलो आहे, की त्या वळणावरच्या माणसाच्या तळहाताला सुटलेला घामसुद्धा मला पलंगावर पडल्या पडल्या जाणवत होता.

लहानपणी मी घरात पोपटासारखा बोलत असे आणि उंबऱ्याबाहेर मुका होत असे. पाहुण्यांनी नाव विचारले तर ते आई सांगे. याच्यावर उपाय म्हणून मी सात-आठ वर्षांचा असताना आत्याने मला टेंपोत बसवून हजिऱ्याला नेले. सूफी संत मुहम्मद गौसांच्या मोठ्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची छोटी, चारी बाजूंनी मोकळी समाधी आहे आणि तिच्याजवळ चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला चावला की गळा गोड होतो, म्हणून गवई मंडळी तो खात आली आहेत, हे ग्वाल्हेरात कोणाला सांगावे लागत नाही. आत्याचे म्हणणे असे, की ज्याने गळा उघडतो त्याने तोंडही उघडेल. "नीट चाव, लगेच गिळू नकोस," असे म्हणून तिने चिमूटभर कोवळा पाला माझ्या तोंडात कोंबला. तो आंबट-तुरट होता आणि मला आवडला. परतताना तिने परीक्षा घेतली. "आता तू विचार त्याला, बाड्यापर्यंत किती घेणार." मी टेंपोवाल्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी आत्याच्या पदराआड गेलो. घरी आल्यावर तिने जाहीर केले, की मूळ झाड केव्हाच गेले, हे त्याच्या जागचे नवे आहे, तेव्हा गुण यायचा कसा!

पुढे कॉलेजात गेल्यावर गाण्याचे वेड लागले आणि मुकेपणाला जास्तच धार आली, कारण आता ज्यांच्याशी बोलावेसे वाटे ती माणसे फार मोठी होती. डिसेंबरातला तानसेन समारोह आमच्या दारातला. हाडे गोठवणाऱ्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून रात्र रात्र ऐकावे आणि गाणे संपले की मांडवाच्या मागे जाऊन बुवांना काहीतरी सांगावे, असा माझा बेत असे. ते 'काहीतरी' मी पाठ करून नेत असे. "आपल्या गायनाने आम्ही धन्य झालो" हे वाक्य, माझ्या आता लक्षात येते, कुठल्या तरी आभारप्रदर्शनातून उचललेले होते. पहिल्या वर्षी मी मांडवाच्या मागच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचलो आणि चहा पिऊन परतलो. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष बुवांपुढे उभा राहिलो, आणि वाक्यातले 'आपल्या' एवढेच बाहेर पडले. त्यांनी ते नमस्कारासारखे स्वीकारले आणि गाडीत बसले.

त्या सुमारास पंडित भातखंडे यांच्याविषयी वाचनात आले. इथले माधव संगीत विद्यालय 1918 साली सुरू झाले त्यामागे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याबरोबर त्यांची योजना होती, हे ऐकून माहीत होते. पण त्याआधी हा मुंबईचा वकील वर्षानुवर्षे गावोगाव फिरून गवयांना आणि शास्त्रकारांना प्रश्न विचारत होता, हे नव्हते. 1904 साली ते दक्षिणेत पार एट्टयपुरमपर्यंत गेले आणि तिथे कर्नाटक संगीताचे जाणकार सुब्बराम दीक्षित यांना भेटले. ना भाषा एक, ना पद्धत एक. बरोबर होती ती प्रश्नांची शिदोरी, आणि झालेले संवाद नंतर रोजनिशीत उतरवून ठेवण्याची शिस्त. भातखंडे लाजाळू मुळीच नव्हते, उलट समोरच्याची उलटतपासणी घेण्याकडेच त्यांचा कल असे. मला मात्र त्यातून एवढे उमगले, की या माणसाने कोणाला "मी धन्य झालो" असे सांगण्यासाठी आगगाडीचे तिकीट काढले नसावे.

तिसऱ्या वर्षी मी वाक्य घरी ठेवून गेलो. मांडवामागे एक वयस्कर गवई शेकोटीजवळ तानपुरा लावत बसले होते आणि त्यांचे गाणे अजून व्हायचे होते. मी नमस्कार केला आणि खरोखरच मनात असलेली शंका विचारली, की इथे लावलेला तानपुरा मंचावर दिव्यांखाली गेला की उतरत नाही का. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि शेजारची सतरंजी माझ्याकडे सरकवली. उतरतो तर! उबेने तार सैल पडते, गारठ्यात ताणली जाते, म्हणून वाद्य आधीपासून मंचावर नेऊन ठेवावे आणि शेवटचे मिळवणे तिथेच करावे, हे त्यांनी सांगितले. मग तारेखालचा मणी इकडून तिकडे सरकवून बारीक फरक कसा पडतो ते ऐकवले, जवारीवरचे, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेले, सूत केसभर हलवून तारेतला गुंजारव कसा मिटतो आणि पुन्हा कसा उमलतो ते ऐकवले, आणि खर्जाची तार माझ्या हातात देऊन "छेड" म्हणाले. मी पाऊण तास बसलो होतो. त्या पाऊण तासात मी लाजाळू असल्याची आठवण मला झाली नाही.

स्तुती केली की समोरच्याला हात जोडून "आपला आशीर्वाद" म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही, बिचारा अडकतोच. पुष्कळदा तोही आपल्याइतकाच संकोची असतो. हल्ली लोक कलावंताशेजारी उभे राहून मोबाइल वर धरतात आणि एक शब्द न बोलता निघून जातात; त्यांना कोणी धीट म्हणते तेव्हा मला हसू येते, कारण ते माझेच भाऊबंद आहेत, फक्त त्यांना मफलरीऐवजी मोबाइलचा आडोसा मिळाला आहे. प्रश्नाचा मार्ग दर वेळी साधतोच असे मात्र नाही. एका नामवंत चित्रकारांना मी मोठ्या जिव्हाळ्याने विचारले होते, की जलरंगासाठी आपण कागद कोणता वापरता. "पांढरा," असे सांगून ते जेवायला गेले. त्या रात्री मला झोप लागली, ही मात्र प्रगतीच म्हणायची.

तर जिन्यातली पावले. काल मी ठरवले, की आपल्याला त्या शेकोटीशी सतरंजी मिळाली होती, तेव्हा या बिचाऱ्याला निदान दार उघडे मिळावे. अडीचला पावले वळणावर थांबली. मी दाराशी गेलो, कडीवर हात ठेवला आणि उघडल्यावर काय बोलायचे याची मनात जुळवाजुळव करू लागलो. "या, बसा" हे फार मोकळे वाटले, "कोण पाहिजे" फार कोरडे. शेवटी काहीच न ठरवता दार उघडले. वळणावर तळमजल्यावरच्यांचा मुलगा भिंतीला टेकून, मोबाइल कानाशी धरून, घरच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने कोणाशी तरी कुजबुजत होता. मला पाहून तो गोरामोरा झाला. मीही झालो. दाराआड केरसुणी उभी होती. ती घेऊन मी दोन पायऱ्या झाडल्या आणि आत आलो.