स्की शर्यतीचा टायमर सॉफ्टवेअरला जोडताना

वेळ मोजतो तो टायमर. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर ती वेळ घेतं, बिब नंबरशी (स्कीअरच्या छातीवरच्या क्रमांकाशी) जुळवतं आणि निकाल लावतं, एवढंच. त्यामुळे मधली केबल निघाली तरी एकही वेळ हरवणार नाही, अशीच जोडणी हवी. टायमरचा प्रिंटर कायम चालू ठेवा.

आधी टायमर सीरियल केबलने आणि यूएसबी कन्व्हर्टरने जोडा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा, म्हणजे लॅपटॉपने त्या जोडणीला दिलेला, नंबर बघा. बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, दोन्हीकडे सारखाच हवा. अल्गे कंपनीच्या टिमी टायमरवर सहसा ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. सॉफ्टवेअर उघडण्याआधी साध्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये इम्पल्सची (स्टार्ट किंवा फिनिशवरून टायमरला आलेल्या संकेताची) ओळ दिसते का ते तपासा. अगम्य अक्षरं आली तर बॉड रेट चुकलाय. काहीच आलं नाही तर बहुधा केबल चुकीची आहे, पाठवणारी आणि घेणारी तार उलट झाली आहे. टर्मिनल बंद करायला मात्र विसरू नका, कारण एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत घातला की पोर्टचा नंबर बदलू शकतो, म्हणून खाचेवर खूण करा. विंडोजची यूएसबी वीजबचत बंद करा, नाहीतर लांबलेल्या खोळंब्यात पोर्ट झोपी जातो.

टायमरकडून निव्वळ वेळ, म्हणजे फिनिशमधून स्टार्ट वजा केलेली वेळ, नको; प्रत्येक इम्पल्सची घड्याळी वेळ घ्या. टिमीत चॅनल ० म्हणजे स्टार्ट, १ म्हणजे फिनिश. समजा स्टार्ट १०:०४:१२.३४८७ आणि फिनिश १०:०५:०९.१२७९. वजाबाकी ५६.७७९२, निकाल ५६.७७. एफआयएसच्या (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या) नियमात शेवटचे अंक छाटायचे असतात, पूर्णांकन करायचं नसतं. दोन्ही वेळा आधीच शतांशापर्यंत छाटल्या तर उत्तर ५६.७८ येतं, आणि तेवढ्यात क्रमवारी बदलते. हे सेटिंग आदल्या दिवशीच तपासा.

खरा घोटाळा बिबच्या रांगेत होतो. बिब १४ चा स्कीअर वाटेत पडला आणि त्याची नोंद झाली नाही, तर १५ ची फिनिश त्याच्या नावावर जाते आणि पुढचे सगळे एकेक घर सरकतात. फिनिशवरच्या फोटोसेलसमोरून (प्रकाशझोत तुटला की इम्पल्स देणाऱ्या सेन्सरसमोरून) कुणी चालत गेलं तरी तेच. म्हणून गेटकीपरचा (वाटेतल्या गेटवर लक्ष ठेवणाऱ्याचा) रेडिओ सॉफ्टवेअर चालवणाऱ्याच्या कानाशीच हवा. नको असलेला इम्पल्स सॉफ्टवेअरमध्ये बाद करा, टायमरच्या नोंदीला हात लावू नका.

सिस्टम ए (मुख्य टायमर) आणि बी (राखीव टायमर) पूर्ण वेगळ्या ठेवा: स्टार्ट गेटचे वेगळे संपर्क, वेगळ्या तारा, वेगळे फोटोसेल. शर्यतीआधीच्या तासाभरात दोन्ही टायमर एकत्र सिंक करा, म्हणजे दोन्हींची घड्याळं जुळवा. रन सुरू झाल्यावर पुन्हा करायचं नाही. ए ची स्टार्ट हुकली तर बी ची फक्त स्टार्ट उचलून ए च्या फिनिशमधून वजा करू नका. स्टार्ट आणि फिनिश दोन्ही बी च्याच घेऊन निव्वळ वेळ काढा.