हात पिरगाळायचा तो प्रसंग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आले ते नाटकाचे सर. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. निकाल, संमेलनं, नवी इमारत यांवर इतर लिहितीलच. इथे फक्त सरांनी माजी विद्यार्थ्यांकडून बसवून घेतलेलं ‘कन्यादान’.

तेंडुलकरांचं हे नाटक १९८३ चं. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर, पत्नी सेवा, मुलगा जयप्रकाश, मुलगी ज्योती. आणि ज्योतीने निवडलेला दलित कवी अरुण आठवले. अरुण पहिल्यांदा घरी येतो तेव्हाच ज्योतीचा हात पिरगाळतो. हौशी मंडळी इथेच फसतात. अरुणने खरा जोर लावला की मनगट मुरगळतं, ज्योती बिचकते आणि पुढचं वाक्य खाते. सरांची रीत उलटी. पकड मनगटावर नाही, कोपराखाली, आणि बोटं सैल. पीळ ज्योतीने स्वतःच्या खांद्यातून घ्यायचा. हात कधी सुटायचा तेही तिनेच ठरवायचं. अरुणने पाठ अर्धी प्रेक्षकांकडे ठेवायची, म्हणजे सैल बोटं झाकली जातात. काचेच्या बांगड्या बंद. तालमीत आधी अर्ध्या वेगाने, आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्यापूर्वी पुन्हा पाच-सहा वेळा. किंकाळी नाही, श्वास अडकल्याचा आवाज पुरे. किंकाळी फुटली की मागच्या बाकांवरून शिट्टी ठरलेली. आपला हॉल सगळ्यांना ठाऊक आहे!

अरुणला खलनायक करायला सरांची सक्त मनाई. तसा केला की नाटक सोपं होतं आणि दलितविरोधी वाटू लागतं. तो आरोप या नाटकावर झालाच. १९९३ चा सरस्वती सन्मान याच नाटकाला, आणि लेखकावर चप्पल भिरकावली गेली तीही याच्यापायीच. म्हणून अरुण खुर्चीच्या कडेवर बसायचा, पाठ टेकायची नाही. त्या घरात त्याचा जीव गुदमरतो हे बोलण्याआधी बसण्यातून कळलं पाहिजे.

नाथचं दुखणं वेगळं. पहिल्या अंकात त्याला भाबडा करून हशा वसूल केला, की दुसऱ्या अंकात हात रिकामे. जावयाच्या आत्मचरित्राची मनाविरुद्ध तारीफ करून आलेला बाप, आणि त्याच्या त्याच खोटेपणावर बोट ठेवणारी गरोदर मुलगी: तिथे लोक हसले तर प्रयोग गेला. सर नाथला तिथे हातवारेच करू देत नसत. चष्मा काढायचा, बस्स.

आता हॉलमध्ये कॉलर माइक आले आणि संमेलनात नाटकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत अरुणचं ते बसणंसुद्धा उभं राहत नाही.

सरांची संहितेची प्रत ग्रंथालयात, खालच्या कप्प्यात आहे. कपाटं बदलताना ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्या प्रसंगाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय: ‘हात आधी सोड, नजर नंतर.’