स्टर्लिंग: किल्ला, पूल आणि दोन रेल्वे फाटकं

स्कॉटलंडमध्ये एडिनबर्ग झालं, ग्लासगो झालं की लोक थेट उत्तरेच्या डोंगराळ हायलँड्सकडे पळतात आणि स्टर्लिंग ट्रेनच्या खिडकीतूनच बघतात, हे मला अजिबात पटत नाही. एडिनबर्गहून ट्रेनने तासाभराच्या आत पोचता येतं. माझी भाची तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकते म्हणून आमचं जाणं झालं आणि मामा कॅमेरा घेऊन किल्ल्याऐवजी रेल्वे फाटकावर जाऊन उभा राहतोय हे बघून तिने कपाळाला हात लावला. "मामा, लोक इथे किल्ला बघायला येतात!" अगं, किल्लाच बघतोय, फक्त लांबून.

त्याचं कारण असं की स्टर्लिंग हे अख्खं गावच एक फाटक आहे. फोर्थ नदी इथून पुढे समुद्राकडे रुंद होत जाते, वरच्या अंगाला पूर्वी नुसती दलदल होती, त्यामुळे उत्तरेला जायचं तर शेकडो वर्षं सगळ्यांना इथूनच नदी ओलांडावी लागायची, मग तो राजा असो, फौज असो नाहीतर गुरं घेऊन निघालेला व्यापारी. ज्याच्या हातात कातळावरचा किल्ला, त्याच्या हातात ही वाट. पुढे 1848 मध्ये रेल्वे आली ती पण इथूनच गेली. नदीकाठची जमीन इतकी सपाट आहे की काही ठिकाणी रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर येतात, आणि म्हणून ही फाटकं.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, तिकीट काढून सगळेच बघतात. एक गोष्ट मात्र फोटोवाल्यांनी लक्षात ठेवावी, करड्या दगडांच्या गर्दीत स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्स राजाने बांधलेला ग्रेट हॉल एकटाच पिवळाधमक दिसतो, पूर्वीसारखा चुन्याचा रंग परत दिलाय त्याला. जवळून तो डोळ्यांवर येतो, खाली नदीकाठावरून बघितला की फ्रेममध्ये नजर बरोब्बर तिथेच जाऊन थांबते.

जुना दगडी पूल आता फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. चार कमानी, आणि त्यातली एक नंतर परत बांधलेली, कारण 1745 च्या बंडात जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूच्या सैन्याला अडवायला किल्ल्यावरच्या लोकांनी ती पाडली होती. स्कॉट आणि इंग्रजांची 1297 ची प्रसिद्ध लढाई मात्र या पुलावरची नाही, तेव्हाचा पूल लाकडी होता आणि जरा वरच्या बाजूला होता, जेमतेम दोन घोडेस्वार शेजारी शेजारी जातील एवढाच रुंद. स्कॉट सेनानी विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांनी इंग्रजांचं अर्धंमुर्धं सैन्य अलीकडे येऊ दिलं आणि मग पुलाचं तोंड दाबलं. खिंडीत गाठणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पुलावर उभं राहिलं की ॲबी क्रेगच्या टेकडीवर वॉलेस मॉन्युमेंट दिसतं, 1869 साली पूर्ण झालेला 67 मीटरचा मनोरा, लोकवर्गणीतून बांधलेला, आणि वर्गणी देणाऱ्यात इटलीचा गॅरिबाल्डी पण होता! आत 246 पायऱ्या आहेत. भाचीबरोबर चढलो, वरून नदीची वळणं बघितली, गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका.

पण माझा जीव अडकला तो कॉर्नटनच्या फाटकात. स्टर्लिंगहून ब्रिज ऑफ ॲलन या गावाकडे जाताना घरांच्या वस्तीत हे फाटक लागतं. आधी पिवळा दिवा लागतो, मोजून तीन सेकंद, मग दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागतात, बरोबर तो पीं-पीं-पीं आवाज, आणि दांडे खाली येतात. गाड्या गुपचूप थांबतात, हॉर्न नाही, कोणी वाकून खालून सायकल काढत नाही, एक आजोबा कुत्र्याला घेऊन उभे होते, तो कुत्रासुद्धा आवाज झाल्या झाल्या आपणहून खाली बसला, रोजची सवय असणार त्याला. संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून मॉन्युमेंटच्या अंगावर पडतं, तेव्हा रुळांच्या अलीकडे फुटपाथवर उभं राहून झूम पूर्ण ताणला की मनोरा घरांच्या छपरांवर एकदम जवळ आल्यासारखा दिसतो. लंडनहून इन्व्हरनेसला जाणारी गाडी गेली, डनब्लेनच्या इलेक्ट्रिक लोकल गेल्या, आणि माझ्या नशिबाने दोन्ही टोकांना 1970 च्या दशकातलं डिझेल इंजिन असलेली जुनी इंटरसिटी पण गेली, तिचा आवाज छातीत जाणवतो. फ्लॅश मारायचा नाही, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर जातो. आणि ट्रायपॉड फुटपाथवर पसरून ठेवायचा नाही, बाबागाड्या जातात तिथून.

तक्रार एकच. 2018 च्या शेवटी इथे विजेवरच्या गाड्या सुरू झाल्या, ते चांगलंच झालं, पण त्यामुळे खांब आणि वायरी सगळीकडे. कुठूनही उभे राहा, मॉन्युमेंटच्या कमरेतून एक तरी वायर जातेच. काही लोक एडिटिंगमध्ये काढून टाकतात, मला ते आवडत नाही, आहे ते आहे.

दुसरं फाटक लेडीस्न्यूक रोडवर, कॉजवेहेडकडून केंबसकेनेथ या छोट्याशा गावाकडे जाताना. ही शेजारच्या अलोआ गावाला जाणारी लाइन. 1968 साली पॅसेंजर गाड्या बंद झाल्या त्या थेट 2008 च्या मे महिन्यात परत सुरू झाल्या, म्हणजे मधली चाळीस वर्षं हे रूळ ओलांडताना कोणाला पॅसेंजर गाडीची वाट बघावी लागली नाही. तिथे कुंपणाशी काम करत असलेल्या एका बाईंनी मला कॅमेरा काढताना बघून विचारलं, ट्रेनचा फोटो काढताय का टेकडीचा? दोन्हीचा म्हटल्यावर म्हणाल्या, मग बसा, अलोआची गाडी तासाला एक. बसलो! मागे मॉन्युमेंट, मध्ये शेतं, आणि डबे मोजेपर्यंत गाडी निघून पण गेली.

फाटक ओलांडून पुढे गेलं की केंबसकेनेथ ॲबे, म्हणजे जुना ख्रिस्ती मठ. बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाने स्थापन केलेली, आता घंटेचा मनोरा तेवढा धड उभा आहे, बाकी गवतात पायाचे दगड. तिसरा जेम्स आणि त्याची डेन्मार्कची राणी मार्गारेट इथेच पुरलेत, आत्ता दिसते ती कबर व्हिक्टोरिया राणीने नंतर बांधून घेतली. घंटेचा मनोरा पुढे आणि वॉलेसचा मागे अशी फ्रेम इथे सहज मिळते, आणि एकही वायर मध्ये येत नाही, त्यामुळे वायरींना वैतागलेल्यांनी आधी इकडे यावं. परत जाताना त्याच रस्त्याने जायची गरज नाही, गावातून नदीवर पादचारी पूल आहे, तो ओलांडला की स्टर्लिंग स्टेशन चालत फार लांब नाही.