मायटी मो: उशिरा आलेला ऑर्गन

अटलांटाच्या नॉर्थ अव्हेन्यू स्टेशनातून वर आलं की पीचट्री स्ट्रीटवर थोड्याच अंतरावर घुमट आणि मनोरे दिसायला लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मशीदच वाटते. श्राइनर्स या संघटनेला आपलं मुख्यालय अशाच थाटाचं हवं होतं. खर्च आवाक्याबाहेर गेला, तेव्हा त्यांनी आतलं भव्य प्रेक्षागृह चित्रपटव्यवसायातल्या विल्यम फॉक्स यांना भाड्याने दिलं. २५ डिसेंबर १९२९ रोजी फॉक्स थिएटर सुरू झालं.

मी गेले ती उन्हाळी चित्रपट महोत्सवातल्या एका संध्याकाळी. सिनेमा माझा बघून झालेला होता. मला ऐकायचा होता तिथला पाइप ऑर्गन, 'मायटी मो'. मेरिलँडमधल्या हेगर्सटाउनच्या मोलर कंपनीने तो बनवला, त्या मोलरचा हा 'मो'.

आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. ४,६६५ खुर्च्यांवर निळंशार आकाश पसरलेलं, त्यात ९६ स्फटिकांच्या चांदण्या. चारी बाजूंनी किल्ल्याची तटबंदी. मी अजून चांदण्याच बघत होते, तेवढ्यात पायाखालच्या जमिनीत घुमल्यासारखं झालं. आधी तळपायांना कळलं, मग कानांना. रंगमंचापुढच्या खड्ड्यातून झगमगता कन्सोल, म्हणजे वादकाची वाजवायची पेटी, वर येत होता आणि पाठमोरा वादक येता येताच वाजवत होता. हातांसाठी सुरपट्ट्यांच्या चार रांगा, एकावर एक. पायांसाठी खाली आणखी एक. आणि भोवती घोड्याच्या नालेसारख्या कमानीत रंगीत कळांच्या ओळी. त्याचा डावा हात सुरांवरून क्षणभर उचलला जायचा, दोन-तीन कळा दाबायचा, आणि त्याच चालीचा रंग बदलून जायचा.

पण आवाज कन्सोलमधून येतच नव्हता. संगीत नाटकातला ऑर्गन आपल्या ओळखीचा: पायाने भाता मारायचा, हवेने पितळी पत्त्या थरथरतात, सूर पेटीतूनच निघतात. इथे पेटी म्हणजे फक्त सूत्रं हलवण्याची जागा. ३,६२२ पाइप बाजूच्या भिंतींमागच्या खोल्यांत उभे आहेत. काहींत हवा बासरीसारखी फुंकली जाते, काहींच्या बुडाशी पत्ती असते. लहानात लहान पाइप बॉलपेनएवढा, मोठ्यात माणूस उभा राहील. हवा पुरवायला विजेचा पंखा. खोल्यांच्या तोंडाशी लाकडी झडपा असतात. वादक पायाने त्या उघडतो-मिटतो, तसा आवाज जवळ येतो, दूर जातो. त्या रात्री एका संथ गाण्यात त्याने झडपा इतक्या हळू मिटल्या की सूर कधी संपला ते मला कळलंच नाही.

ही कल्पना मुख्यतः रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रजाची. टेलिफोनच्या तारांचं काम करणारा माणूस. तारांनी कळ आणि पाइप जोडता येतात, मग एकाच पाइपांच्या रांगेकडून वेगवेगळी कामं करून घेता येतात, हे त्याने ओळखलं. थिएटर ऑर्गन त्यातून घडला. मूकपटाला एकटा वादक अख्ख्या वाद्यवृंदाची साथ देऊ लागला. त्याच्या हाताशी खरे ढोल, झांजा, घंटा असत, पक्ष्यांची किलबिल नि आगगाडीची शिटीसुद्धा.

मला चटका लावून गेलं ते वेगळंच. १९२७ मध्ये 'द जाझ सिंगर' हा बोलपट आला होता. फॉक्स उघडलं तेव्हा सिनेमा बोलायलाही लागला होता. म्हणजे एवढं मोठं वाद्य आलं, आणि ज्या कामासाठी त्या जातीची वाद्यं जन्मली ते कामच सरत आलं होतं. उरलं ते खेळाआधी लोकांना गाण्यात सामील करून घेणं.

पुढच्या काळात देशभरातले थिएटर ऑर्गन उपटले गेले. काही चर्चमध्ये गेले, काही घरांत, पुष्कळसे मोडीत. मो जागेवर राहिला, पण मुका पडला. १९६३ मध्ये जो पॅटन या तंत्रज्ञाने सोबत्यांना घेऊन, कित्येक महिने राबून तो पुन्हा बोलता केला. ही दुरुस्ती म्हणजे पाइप पुसून ठेवणं नव्हे. पाइपांत हवा सोडणाऱ्या हजारो छोट्या झडपांची चामडी, तारा, जोडण्या एकेक करून बघाव्या लागतात.

मग सत्तरच्या दशकात थिएटरच पाडायची वेळ आली. त्या जागेवर एका टेलिफोन कंपनीला मुख्यालय बांधायचं होतं. शहर हलून उठलं. 'सेव्ह द फॉक्स' म्हणत लोकांनी पैसे जमवले, १९७५ मध्ये अटलांटा लँडमार्क्स या संस्थेने इमारत घेतली आणि १९७८ मध्ये कर्ज फिटलंसुद्धा. पॅटन त्या लढ्यात पुढे होते. पुढे त्यांना थिएटरमध्येच राहायला जागा मिळाली, आणि तिथे ते अनेक वर्षं राहिले. २०१६ मध्ये ते गेले.

माझ्या शेजारच्या आजी एकही ओळ न चुकता गात होत्या. त्या म्हणाल्या, "शाळेतल्या मुलींबरोबर मीही पैसे जमवायचा डबा घेऊन फिरले होते, फॉक्ससाठी." पडद्यावर गाण्याचे शब्द होते, मला चाली येत नव्हत्या, तरी तिसऱ्या गाण्याला मीही तोंड उघडलं.

शेवटचा सूर धरूनच वादक खाली गेला. कन्सोलवरचा दिवा खड्ड्यात दिसेनासा झाला, तरी भिंतींमागून तो सूर येतच होता. मग झडपा मिटल्या आणि वरच्या चांदण्या ठळक दिसू लागल्या.