थिक्सेच्या मैत्रेयाला अर्धा तास पुरत नाही

लडाखमध्ये लेह, शे, थिक्से, हेमिस ही एका दिवसाची सहल सगळेच करतात आणि तिचाच मला राग आहे. ड्रायव्हर थिक्सेच्या बौद्ध मठाला अर्धा तास देतो. त्यातला बराचसा पायऱ्या चढून लागलेली धाप शमण्यात जातो, उरलेला मैत्रेयाच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाच्या मूर्तीच्या चेहऱ्यासोबत फोटो काढण्यात. मंदिराचं दार वरच्या मजल्यावर उघडतं, त्यामुळे समोर येतात थेट चेहरा आणि छाती. कठड्यावरून वाकून खाली पाहिलं तरच कळतं की मूर्ती दोन मजली, जवळपास 15 मीटर उंच आहे. बहुतेक जण वाकतही नाहीत.

दलाई लामा 1970मध्ये इथे आले होते, त्या भेटीच्या स्मरणार्थ हे मंदिर उभं राहिलं. शिल्पकार नवांग त्सेरिंग आणि स्थानिक कारागिरांनी ही मातीची मूर्ती घडवली, त्याला चार वर्षं लागली. मातीकामाला एवढा वेळ का लागतो, हे हिमालयातली जुनी रीत पाहिली की उमगतं.

आधी लाकूड. मूर्तीच्या मधोमध एक उभा दांडा असतो, त्याला सोगशिंग म्हणतात. शक्यतो तो शुक्पाचा, म्हणजे इथल्या जुनिपरचा. झाड वाढलं तसाच तो उभा करायचा, बुंध्याकडचं टोक खाली आणि शेंड्याकडचं वर. चौकोनी तासून वर निमुळता करतात, लाल रंग देतात आणि मस्तक, कंठ, हृदय येईल त्या उंचीवर ॐ, आः, हूं लिहितात. हातांना, खांद्यांना वेगळा लाकडी सांगाडा लागतो. त्यावर दोरी गुंडाळतात, कारण गुळगुळीत लाकडाला माती धरत नाही, वजनाने घसरते.

मग माती. ती चाळायची, भिजवून मुरू द्यायची, आतल्या थरांसाठी चिरलेला पेंढा आणि बाहेरच्या थरांसाठी हातकागदाचा लगदा घालून मळायची. तंतू नसले तर पडलेली भेग आरपार जाते. घाई नडते ती इथेच. लडाखची हवा इतकी कोरडी की थराची वरची बाजू भराभर वाळते, आत ओल तशीच राहते. वरचा पापुद्रा आकसतो, आतला आकसत नाही आणि मूर्ती कच्च्या मडक्यासारखी तडकते. म्हणून थर पातळ द्यायचा, सावलीत, वर ओलं फडकं टाकून. एक पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. कडाक्याच्या थंडीत तर ओल्या मातीला हातच घालू नये. आतलं पाणी गोठून फुगतं आणि थर सुटून येतो.

सगळ्यात नाजूक काम कुणालाच दिसत नाही. मूर्ती आतून भरावी लागते. धारणींच्या, म्हणजे बौद्ध मंत्रांच्या, छापील कागदी पट्ट्या केशराच्या पाण्याने रंगवून, वाळवून, घट्ट गुंडाळून पिवळ्या कापडात बांधतात. कुठली गुंडाळी डोक्यात, कुठली कंठात, कुठली हृदयाशी, हे ठरलेलं असतं. अक्षरं उलटी गेली तर मोठा दोष मानतात. सैल गुंडाळी कालांतराने खाली बसते, म्हणून फटींत शुक्पाचा भुगा ठासतात. कागद दमट राहिला तर बुरशी, मूर्तीच्या बैठकीत भरलेलं धान्य ओलसर राहिलं तर कीड, आणि एकदा मूर्ती बंद झाली की आत हात घालायला वाट नसते. हे सगळं झाल्यावर रंग, सरसात खललेलं सोनं, अकीक घासून आणलेली चकाकी, आणि अखेरीस डोळे उघडून प्रतिष्ठा. फ्लॅश मारताना निदान एवढं ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

शेचा शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, सतराव्या शतकातला, 12 मीटर उंच. तो मातीचा नाही, तांब्याचे पत्रे ठोकून घडवलेला आणि सोन्याने मढवलेला आहे. लडाखचा राजा देल्दान नामग्यालने तो वडील सेंगे नामग्यालच्या स्मरणार्थ करवून घेतला. पारंपरिक मुलाम्यात सोनं पाऱ्यात कालवून तांब्यावर चोपडतात आणि तापवतात. पारा उडतो, सोनं बसतं. ती वाफ विषारी असते, तिने कारागिरांची आयुष्यं खाल्ली आहेत. ही मूर्ती घडवायला आलेल्या नेपाळी कारागिरांचे वंशज झंस्कार नदीकाठच्या चिलिंगमध्ये आजही धातुकाम करतात. 

नुब्रा खोऱ्यातला दिस्कितचा मैत्रेय अगदी अलीकडचा. एप्रिल 2006मध्ये काम सुरू झालं, 25 जुलै 2010ला दलाई लामांनी प्रतिष्ठा केली. 32 मीटर उंच, उघड्यावर, श्योक नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून बसलेला. गर्दी असली तरी इथे जीव घुसमटत नाही, हे मला आवडतं. पण एवढ्या उंचीवरचं सिमेंटकाम म्हणजे मातीचीच दुखणी मोठ्या मापात. कडक थंडीत काँक्रीट पकडत नाही, म्हणून हंगाम थोड्या महिन्यांचा. कोरड्या वाऱ्यात गोणपाट सतत ओलं ठेवलं नाही तर पहिल्याच दिवशी केसांएवढ्या भेगा पडतात. त्यांत बर्फाचं पाणी शिरतं, रात्री गोठतं, दिवसा वितळतं आणि दर हिवाळ्यात भेग रुंदावत जाते. वर रंग उन्हाने विटतो तो वेगळाच. उघड्यावर मूर्ती उभारणाऱ्या गावाने डागडुजीचा पैसा पाया खणतानाच बाजूला काढावा, असं माझं ठाम मत आहे.