फुलं नंतर, आधी मुळं दाखवा

नर्सरीत गेले की मी झाडाची पिशवी आडवी धरते, बुडाशी जरा दाबते आणि मातीचा गड्डा अलगद बाहेर सरकवून मुळं बघते. नर्सरीवाल्याच्या कपाळावर आठी पडते, पडू दे. फुलं काय, फोटोतही दिसतात. कामामुळे मी महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असते आणि घरी असले तरी रोज सकाळी खुरपं हातात घेण्याइतका उत्साह नसतो. पण दारात फुलं हवीत हा हट्ट आहेच. जमिनीखाली बघून झाडं निवडायला लागले, तेव्हा कुठे या दोन्हींचा मेळ बसला.

हिशोब साधा आहे. झिनिया, कॉसमॉस, तेरडा ही हंगामी मंडळी जे कमावतात ते त्याच हंगामात फुलांवर आणि बियांवर उधळून मोकळी होतात. पुढच्या वर्षी पुन्हा बी, पुन्हा रोपं, पुन्हा गोगलगायींशी भांडण. बहुवर्षायू झाड थोडं राखून असतं: कुणी कंदात, कुणी गड्ड्यात, कुणी जाड सोटमुळात. वर पाणी तुटलं, कुणी तुडवलं, बकरीनं शेंडा खाल्ला, तरी खालच्या शिलकीवर ते पुन्हा उठतं. कमी देखभालीचं झाड म्हणतात ते माझ्या लेखी हेच.

पहिला मान गुलबक्षीचा. लोक तिला फुकटची म्हणून नाक मुरडतात, पण इतकं सोशीक झाड शोधून सापडणार नाही. मिरीएवढं काळं, सुरकुतलेलं बी बोटानं मातीत दाबलं की काम झालं. संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी ऊन तापेपर्यंत फुलं मिटतात, म्हणजे दिवसभर बाहेर राबणाऱ्या माणसाला सोयीची वेळ. अंधार पडला की तिच्यावर पतंग घिरट्या घालतात. जमिनीत तिचा जाडजूड कंद तयार होतो. वरचं सगळं वाळून गेलं तरी पाऊस पडताच तिथूनच कोंब फुटतात. एकाच झाडावर पिवळं, गुलाबी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे उडालेलं फूलही येतं.

हिरव्या-पांढऱ्या चट्ट्यांच्या पानांची गुलबक्षी मिळाली तर तिचं बी कुठल्या फांदीवरून घेताय याला महत्त्व आहे. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं 1909 साली नेमकं हेच दाखवलं. हिरव्या फांदीवरच्या फुलाच्या बियांतून हिरवी रोपं येतात आणि पांढऱ्या फांदीवरच्या बियांतून पांढरी, जी हरितद्रव्य नसल्यानं लवकरच मरतात. चट्टेरी फांदीवरच्या बियांतून मात्र तिन्ही प्रकारची निघतात. पराग कुठल्या फांदीचा होता यानं काहीही फरक पडत नाही, कारण पानाचा रंग ठरवणारी हरितलवकं रोपाला आईकडूनच मिळतात. तेव्हा चट्टेरी हवी असेल तर चट्टेरी फांदीवरचंच बी वेचा. तिचं बी आणि कंद विषारी आहेत, रांगतं मूल घरात असेल तर कुंपणाबाहेर लावा. आणि ती स्वतःच बी सांडते, खूप सांडते. नको तिथली रोपं कोवळी असतानाच उपटा. एकदा कंद धरला की कुदळ लागते.

दुसरी कर्दळ. माझी सगळ्यात लाडकी, कारण सांडपाण्याच्या नळाशी, जिथं दुसरं काही कुजून जाईल, तिथं ती वाढते. तिचं फूल कधी हातात घेऊन नीट बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ते खरं तर रूप बदललेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या त्यांच्यामागे अरुंद, टोकदार, बिनदिमाखाच्या. रंगीत भागांपैकी एकाच्या कडेला परागकोशाची बारीक पट्टी चिकटलेली दिसते, तेवढाच काय तो पुंकेसरपणाचा पुरावा.

कर्दळीचं काम एकच, पण ते करावं लागतं. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो जमिनीलगत कापला की शेजारच्या कोंबांना जागा मिळते. दर दोन-तीन वर्षांनी बेट दाटलं की फावड्यानं सगळा गड्डा वर काढायचा. माती झटकली की आडवे, पेरापेरांचे कंद दिसतात आणि त्यांच्यावर गुलाबीसर, टोकदार डोळे. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे राहतील असे काप करायचे, कापलेली बाजू एक दिवस सावलीत सुकू द्यायची आणि 8 ते 10 सेंमी खोल लावायचे. पानं गुंडाळून आत बसणारी अळी दिसली तर मी फवारणीच्या नादी लागत नाही, ते पान कापून टाकते. पानांना काय तोटा!

पावसाच्या लिलीबद्दल फार लिहायला नको. पांढरी, गुलाबी, पिवळी. पाऊस झाला की थोड्या दिवसांत एकदम फुलून येते. दाटीचा तिला त्रास नाही, त्यामुळे वाफ्याच्या कडेला लावा आणि विसरा.

निशिगंध मात्र या यादीत मी अर्धाच धरते. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, पुढचं फूल त्याच्या भोवतीची पिल्लं मोठी होऊन देतात. म्हणजे दोन-तीन वर्षांनी खणून, वेगळं करून लावलं नाही तर पात भरघोस आणि दांडा एकही नाही. वासासाठी एवढा त्रास मी सोसते, तुम्ही सोसालच असं नाही.

डे लिली दिसायला देखणी आहे, प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं पण एका दांड्यावर कळ्या पुष्कळ असतात, आणि मुळंही मांसल, टिकाऊ. तरी माझ्या दारात नाही, कारण घरात मांजर आहे. डे लिली आणि खरी लिली (लिलियम), दोन्हींच्या पानाफुलांनीच काय, अंगावर पडलेला पराग चाटल्यानंही मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मांजर पाळणाऱ्यांनी ही दोन नावं यादीतून खोडलेलीच बरी.

माझ्या नियमाला अपवाद आहेत. सदाफुली खाली फारसं काही साठवत नाही, तरी वर्षभर फुलते. मूळची मादागास्करची. तिच्यातल्या द्रव्यांपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. भिंतीच्या फटीतही उगवते, पण पाय ओले राहिले की मान टाकते. एकदा मी बाहेरगावी असताना शेजारच्या काकूंनी मायेनं रोज पाणी घातलं आणि सगळा ताटवा कुजला. आता जाताना मी त्यांना सांगून जाते, "काकू, फक्त मांजराला दूध द्या." बोगनवेलीचंही तेच, पाणी आणि खत जास्त झालं की नुसता पाला. जरा ताण दिला की रंग भरतो. कण्हेर ऊन, वारा, दुष्काळ सगळं पचवते, पण नखशिखांत विषारी. छाटणी हातमोजे घालून करा आणि फांद्या कधीही जाळू नका, धूरही बाधतो.

आणि जास्वंद? जास्वंदप्रेमींनी माफ करावं, पण ज्या झाडावर पिठ्या ढेकूण येतो, त्याच्या चिकट स्रावासाठी मुंग्या येतात आणि त्या मुंग्याच ढेकणाची राखण करतात, ते झाड मी कमी देखभालीचं म्हणणार नाही. रोज सकाळी पानं उलटून बघायची हौस असेल तर खुशाल लावा.

झाड ठरवण्याआधी जागा तपासणं मला जास्त गरजेचं वाटतं. हातभर नाही, साधारण 30 सेंमीचा खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासानं बघा. पाणी तासाला 3 ते 5 सेंमी उतरत असेल तर बहुतेक सगळं जगेल. तुंबून राहिलं तर कर्दळ लावा आणि सदाफुली उंच वाफ्यात न्या. भसाभस उतरलं तर कुजलेला पालापाचोळा मिसळा. ऊनही घड्याळ लावून बघा. सहा तास मिळत नसतील तर बोगनवेलीचा नाद सोडा.

पहिलं वर्ष मात्र आळस चालत नाही. मुळं खाली उतरेपर्यंत पाणी द्यावंच लागतं, पण रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी आळं भरून, म्हणजे ओल खोल जाते आणि मुळं तिच्यामागे जातात. रोजच्या शिडकाव्यानं ती वरच्या वरच पसरतात आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात झाड कोलमडतं. वरून पाच-सहा सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून थोडं लांब. शेणखत वर्षातून एकदा, बस.

अजून एक. गुलबक्षी काही महिने जमिनीवरून साफ नाहीशी होते, तेव्हा तिच्या जागी खुंटी ठोकून ठेवा. नाहीतर रिकामी जागा दिसली की उत्साही माणूस कुदळ घेऊन येतो. आमच्याकडे हे काम नवरा करतो, त्यामुळे खुंट्यांना लाल रंग दिला आहे.